कंटेनरमधला ४२ होस्टवर कुठे असतो? पीआयडी नेमस्पेस, पायरीपायरीने

पवई, ऐरोली किंवा बीकेसीतल्या एखाद्या कंपनीत सर्व्हर सांभाळण्याच्या कामावर नव्याने रुजू झालात, की पहिल्या काही आठवड्यांतच हा प्रसंग येतो. कंटेनरच्या (एकाच मशीनवर इतरांपासून वेगळं ठेवून चालवलेल्या प्रोग्रॅमच्या) लॉगमध्ये लिहिलेलं असतं की ४२ क्रमांकाची प्रोसेस अडकली आहे. तुम्ही होस्टवर, म्हणजे कंटेनर ज्यावर चालतो त्या मशीनवर जाता आणि ४२ शोधता. तिथे ४२ म्हणजे कर्नलचाच एखादा थ्रेड निघतो, किंवा ४२ नसतोच. लॉगचं काही चुकलेलं नसतं आणि होस्टचंही नसतं. एकाच प्रोसेसला एकापेक्षा जास्त क्रमांक (पीआयडी) असू शकतात, एवढंच कुणी आधी सांगितलेलं नसतं.

हा लेख लिनक्सबद्दल आहे. पहिल्या सहा आणि शेवटच्या दोन पायऱ्या सर्वांसाठी आहेत. सातवी मुख्यतः कर्नल मॉड्यूल किंवा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहे, पण इतरांनीही एकदा वाचावी.

जवळ काय हवं

- लिनक्सचं एक मशीन किंवा व्हर्च्युअल मशीन. २ जीबी रॅम पुरते. यासाठी लॅमिंग्टन रोडला जाऊन नवं काही घेण्याची गरज नाही, जुना लॅपटॉप चालतो. ऑफिसच्या चालू सर्व्हरवर मात्र हे प्रयोग करू नका.
- कर्नल ५.४ किंवा त्यानंतरचा. 'यूनेम -आर' लिहिलं की आवृत्ती कळते.
- 'यूटिल-लिनक्स' हे पॅकेज. अनशेअर, एनएसएंटर आणि एलएसएनएस ही तिन्ही साधनं त्यातच येतात आणि बहुतेक वितरणांत ते आधीपासून असतं.
- रूटचे अधिकार आणि शेजारीशेजारी उघडलेल्या दोन टर्मिनल खिडक्या.

आज्ञांबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना अक्षरं आणि अंक दोन्ही रोमन घ्या, अक्षरं छोट्या लिपीतली. आज्ञेतला 'पिड' म्हणजे पी, आय, डी ही तीन अक्षरं आणि 'एनएस' म्हणजे एन, एस ही दोन. प्रोसेसचे जे आकडे दिले आहेत ते नमुन्याचे आहेत, तुमच्या मशीनवर वेगळे येतील.

१. आधी 'क्रमांक' या शब्दाचा अर्थ बदला

गिरगावातल्या एखाद्या वाडीत तीन चाळी असतील, तर 'सात नंबरची खोली' एवढ्या पत्त्यावर पोस्टमनचं काम होत नाही. तो विचारतो, कुठली चाळ? पीआयडीचंही तसंच आहे. नुसता क्रमांक अपुरा असतो, क्रमांक आणि नेमस्पेस मिळूनच पत्ता पूर्ण होतो.

इथे नेमस्पेस एकमेकींच्या शेजारी तर असतातच, शिवाय एकीच्या पोटात दुसरीही असते. मशीन सुरू झाल्यावर जी नेमस्पेस असते ती मूळ नेमस्पेस, तिची पातळी ०. तिच्या आत बनवलेलीची पातळी १, त्या आतलीची २. पातळी २ मधल्या प्रोसेसला तीन क्रमांक मिळतात: स्वतःच्या नेमस्पेसमधला, मधलीतला आणि मुळातला. हे तिन्ही प्रोसेस जन्मतानाच ठरतात आणि ती मरेपर्यंत बदलत नाहीत.

नजर फक्त खाली जाते. बाहेरच्याला आतली प्रत्येक प्रोसेस दिसते, स्वतःच्या नेमस्पेसमधल्या क्रमांकाने. आतल्याला बाहेरचं काहीच दिसत नाही. आतल्या प्रोसेसने पालकाचा क्रमांक विचारला आणि पालक बाहेर असला, तर कर्नल ० देतो. बाहेरून आलेल्या सिग्नलबरोबर (सिग्नल म्हणजे प्रोसेसला कर्नलमार्फत पाठवलेली सूचना) पाठवणाऱ्याचा क्रमांकही आत ० असाच दिसतो. ही त्रुटी नव्हे. त्या नेमस्पेसमध्ये पाठवणाऱ्याला क्रमांकच नसतो, म्हणून ०.

ही सोय लिनक्सच्या २.६.२४ या आवृत्तीत, म्हणजे २००८ साली आली. त्याआधी लिहिलेल्या बऱ्याच कोडमध्ये 'एक प्रोसेस, एक क्रमांक' हे गृहीत आहे. पुढे सांगितलेल्या निम्म्या अडचणी त्या जुन्या समजुतीतून येतात.

२. पहिली नेमस्पेस बनवा

पहिल्या खिडकीत:

सुडो अनशेअर --पिड --फोर्क --माउंट-प्रॉक बॅश

आता 'इको $$' लिहा. उत्तर १ येईल. 'पीएस -ईएफ' लिहा. बॅश आणि खुद्द पीएस, एवढ्या दोनच ओळी दिसतील.

या आज्ञेतले तीनही पर्याय आवश्यक आहेत. नवखे लोक नेमका दुसरा किंवा तिसरा गाळतात आणि तासन्‌तास अडकतात.

'--फोर्क' गाळला तर थोड्याच वेळात टर्मिनलवर 'फोर्क: कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' असं येतं. माणूस रॅम तपासायला लागतो, रॅम तर मोकळीच असते. खरं कारण असं: चालू प्रोसेसचा पीआयडी बदलता येत नाही, म्हणून अनशेअर ही सिस्टम कॉल तिला स्वतःला हलवत नाही. ती फक्त एवढंच नोंदवते की यापुढची मुलं नव्या नेमस्पेसमध्ये जन्मतील. बॅश बाहेरच राहतो. त्याने चालवलेली पहिली छोटी आज्ञा आत १ क्रमांक घेते आणि संपते. १ मेला की नेमस्पेस कायमची बंद होते, मग तिथे नवी प्रोसेस जन्मू शकत नाही. कर्नल त्यासाठी 'मेमरी नाही' हाच त्रुटी-कोड परत करतो. एकदा हे कळलं की पुन्हा फसगत होत नाही.

याच नियमाचा आणखी एक परिणाम: ज्या प्रोग्रॅमने अनशेअर करून नवी पीआयडी नेमस्पेस मागितली आहे, त्याला त्यानंतर नवा थ्रेड बनवता येत नाही. एकाच प्रोसेसचे थ्रेड दोन नेमस्पेसमध्ये विभागता येत नाहीत, म्हणून कर्नल 'अवैध आर्ग्युमेंट' म्हणून नकार देतो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये थ्रेड असतील तर आधी अनशेअर, मग फोर्क (मूल प्रोसेस बनवणं), आणि थ्रेड मुलामध्ये, असा क्रम ठेवा.

'--माउंट-प्रॉक' गाळला तर गोंधळ वेगळा होतो. /प्रॉक ही प्रोसेसची माहिती फाइलच्या रूपात दाखवणारी फाइलसिस्टम ज्या नेमस्पेसमधून माउंट केली तिचेच क्रमांक दाखवते, वाचणारा कुणीही असो. म्हणजे 'इको $$' म्हणतं १ आणि पीएस दाखवतं होस्टच्या शेकडो प्रोसेस, होस्टच्या क्रमांकांनी. त्या यादीतला क्रमांक उचलून किल दिलीत, तर किल तो क्रमांक आतल्या नेमस्पेसमध्ये शोधते. बहुधा 'अशी प्रोसेस नाही' असं येतं. पण आत योगायोगाने तोच क्रमांक असला तर भलतीच प्रोसेस मरते.

हाताने 'माउंट -टी प्रॉक प्रॉक /प्रॉक' करायची सवय असेल तर आधी वेगळी माउंट नेमस्पेस (माउंट केलेल्या फाइलसिस्टमची स्वतंत्र यादी) आहे ना हे बघा. ती नसेल तर होस्टच्याच /प्रॉकवर नवं /प्रॉक चढतं आणि होस्टवरची साधनं बिथरतात. तसं झालंच, तर 'यूमाउंट /प्रॉक' एकदा चालवा, जुनं परत दिसतं. '--माउंट-प्रॉक' हा पर्याय माउंट नेमस्पेस स्वतःच बनवतो, म्हणून तोच वापरा.

सुडोशिवाय '--यूझर --मॅप-रूट-यूझर' जोडूनही हे जमतं. पण उबुंटू २४.०४ मध्ये अ‍ॅपआर्मरने साध्या वापरकर्त्याच्या यूझर नेमस्पेसवर बंधन घातलेलं आहे, तिथे 'परवानगी नाही' असं येतं. शिकताना सुडो वापरणं सोपं. ते बंधन मशीनभर उठवू नका.

३. तीच प्रोसेस बाहेरून बघा

दुसऱ्या खिडकीत:

सुडो एलएसएनएस -टी पिड

प्रत्येक पीआयडी नेमस्पेससाठी एक ओळ येते. पहिल्या रकान्यातला लांबलचक आकडा हा त्या नेमस्पेसचा आयनोड क्रमांक, म्हणजे तिची ओळख. मूळ नेमस्पेसचा तो नेहमी ४०२६५३१८३६ असतो. मशीनवर असा आकडा दिसला तर तुम्ही खरोखर मुळात आहात. दुसरा दिसला तर तुम्ही आधीच कुठल्यातरी कंटेनरच्या आत आहात. सुडो विसरलात तर दुसऱ्यांच्या प्रोसेस यादीत येणार नाहीत.

नव्या नेमस्पेससमोर बॅशचा होस्टवरचा क्रमांक असेल, समजा ५१२०. आता:

ग्रेप -आय एनएसपिड /प्रॉक/५१२०/स्टेटस

उत्तर येतं: ५१२० १. ही ओळ कर्नल ४.१ पासून उपलब्ध आहे आणि या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. डावीकडचा आकडा हे /प्रॉक ज्या नेमस्पेसचं आहे तिथला, उजवीकडचा सर्वांत आतला.

याच फाइलमध्ये 'एनएसटीजीआयडी' अशीही ओळ असते. आपण रोज ज्याला प्रोसेसचा पीआयडी म्हणतो त्याला कर्नल टीजीआयडी, म्हणजे थ्रेड-समूहाचा क्रमांक म्हणतो. कर्नलच्या भाषेत पीआयडी म्हणजे एका थ्रेडचा क्रमांक. एकच थ्रेड असेल तर दोन्ही सारखेच. जावासारख्या अनेक थ्रेडच्या प्रोग्रॅममध्ये लॉगमधला आकडा थ्रेडचा आहे की प्रोसेसचा, हे आधी ठरवा.

४. आत आणखी एक थर

पहिल्या खिडकीत, म्हणजे आतच, तीच आज्ञा सुडोशिवाय पुन्हा द्या. 'इको $$' पुन्हा १ म्हणेल. तिथे 'स्लीप ६०० &' चालवा. बॅश त्याचा क्रमांक सांगेल, समजा ८.

होस्टवर त्याच स्लीपची एनएसपिड ओळ तीन आकड्यांची असेल: ५३१० २३ ८. आता मधल्या थरात शिरा:

सुडो एनएसएंटर -टी ५१२० -पी -एम बॅश

तिथून /प्रॉक/२३/स्टेटस बघा. ओळ दोनच आकड्यांची होईल: २३ ८. मधल्याला ५३१० हा आकडा कळतच नाही.

एनएसएंटरमध्ये '-एम' विसरू नका. नुसतं '-पी' दिलं तर तुम्ही आतल्या नेमस्पेसमध्ये असता, पण /प्रॉक होस्टचंच राहतं. म्हणजे पायरी दोनमधला तोच गोंधळ. शिवाय शिरता येतं ते फक्त स्वतःच्या किंवा आतल्या नेमस्पेसमध्ये. आतून बाहेरच्या नेमस्पेसमध्ये जाऊ पाहिलंत तर कर्नल 'अवैध आर्ग्युमेंट' म्हणून परत पाठवतो.

५. एक नंबरची जबाबदारी

प्रत्येक नेमस्पेसमध्ये १ क्रमांकाची प्रोसेस ही तिथली इनिट, म्हणजे बाकीच्यांना सांभाळणारी पहिली प्रोसेस असते. तुमचा साधा वेब सर्व्हर किंवा तीन ओळींची शेल स्क्रिप्ट कंटेनरमध्ये १ झाली, की तिच्यावर इनिटची कामं येऊन पडतात, मग ती त्यासाठी लिहिलेली असो वा नसो.

पहिलं काम सिग्नलचं. १ ने ज्या सिग्नलसाठी हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावलेला नाही तो सिग्नल तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आतून 'किल -९ १' दिलीत तरी काही होत नाही. बाहेरच्या नेमस्पेसमधून फक्त सिगकिल (मारणारा) आणि सिगस्टॉप (गोठवणारा) हे दोन सक्तीने लागू होतात. बाकीच्यांना बाहेरूनही हँडलर लागतोच.

'कंटेनर थांबायला दहा सेकंद का घेतो' या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. डॉकर हे कंटेनर चालवणारं साधन. डॉकर स्टॉप आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती) पाठवतो, मुळात १० सेकंद थांबतो आणि मग सिगकिल देतो. तुमच्या प्रोग्रॅमला सिगटर्मचा हँडलर नसेल तर ते दहाही सेकंद फुकट जातात आणि शेवटी प्रोग्रॅम हातातलं काम अर्धवट टाकून मरतो. अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसमध्ये हीच मुदत मुळात ३० सेकंद असते. डॉकरफाइलमध्ये आज्ञा शेलच्या रूपात लिहिली तर १ ही जागा शेलकडे जाऊ शकते आणि शेल सिग्नल पुढे पोहोचवत नाही. आज्ञा चौकटी कंसातल्या यादीच्या रूपात लिहा. मध्ये स्क्रिप्ट लागतच असेल तर तिची शेवटची ओळ 'एक्झेक' ने सुरू करा, म्हणजे शेलची जागा तुमचा प्रोग्रॅमच घेईल.

दुसरं काम अनाथांचं. पालक आधी मेला की मूल त्या नेमस्पेसच्या १ च्या पदरात पडतं. ते मूल मेल्यावर १ ने 'वेट' करून त्याचा हिशेब मिटवायचा असतो. नाही मिटवला तर झोंबी, म्हणजे मेलेल्या प्रोसेसची न पुसलेली नोंद उरते. हे डोळ्यांनी बघून घ्या. पहिल्या खिडकीतल्या दोन्ही बॅशमधून 'एक्झिट' करा आणि मग:

सुडो अनशेअर --पिड --फोर्क --माउंट-प्रॉक स्लीप १०००

दुसऱ्या खिडकीत एलएसएनएसने त्याचा होस्टवरचा क्रमांक काढा, समजा ६००१. एनएसएंटरने '-टी ६००१ -पी -एम बॅश' असं आत जा आणि लिहा:

(स्लीप ५ &)

दहा सेकंदांनी 'पीएस -ईएफ' बघा. स्लीपसमोर 'डिफंक्ट' आणि पालकाच्या जागी १ दिसेल. १ वर बसलेला स्लीप कधीच वेट करत नाही, त्यामुळे हा झोंबी तिथेच राहणार. असे झोंबी प्रत्येक पातळीवरचा एकेक क्रमांक अडवतात, मुळातलासुद्धा. एका निष्काळजी कंटेनरची झळ अख्ख्या होस्टला लागू शकते ती अशी.

पहिल्या खिडकीत कंट्रोल-सी दाबून बघा. स्लीप मरणार नाही, कारण १ आहे आणि हँडलर नाही. होस्टवरून 'सुडो किल -९ ६००१' द्यावी लागेल.

यावर उपाय सोपा आहे: १ वर छोटी, याच कामासाठी बनलेली इनिट बसवा. डॉकरमध्ये '--इनिट' हा पर्याय दिला की टिनी नावाची इनिट १ होते, सिग्नल पुढे देते आणि अनाथांचे हिशेब मिटवते. कुबरनेटीसच्या पॉडमध्ये (एकत्र चालणाऱ्या कंटेनरांच्या गटात) 'शेअर प्रोसेस नेमस्पेस' चालू केलं तर सगळ्या कंटेनरांची नेमस्पेस एक होते आणि १ वर पॉज कंटेनर बसतो. ते चालू केल्यावर तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'मुख्य प्रोसेस म्हणजे १' असं कुठे धरलेलं असेल तर ते मोडेल, तेवढं तपासा.

६. आतला ४२ बाहेर शोधा

आता मूळ प्रश्नाकडे. क्रम असा ठेवा.

पहिल्यांदा कंटेनरच्या १ चा होस्टवरचा क्रमांक मिळवा. डॉकरमध्ये 'डॉकर इन्स्पेक्ट' च्या निकालात 'स्टेट' खाली 'पिड' म्हणून तो असतो. समजा १८७५०.

मग त्याच्या नेमस्पेसची ओळख टिपून ठेवा: सुडो रीडलिंक /प्रॉक/१८७५०/एनएस/पिड

नंतर शेवटचा आकडा ४२ असलेल्या सगळ्या प्रोसेस काढा:

ग्रेप -आय 'एनएसपिड.*\<४२$' /प्रॉक/[०-९]*/स्टेटस

एका होस्टवर वीस कंटेनर असतील तर वीस उत्तरंही येऊ शकतात. प्रत्येकासाठी रीडलिंक पुन्हा करा आणि आयनोड जुळतो तोच घ्या. ही तुलना टाळून अंदाजाने किल देणं ही या कामातली सगळ्यात महागडी चूक आहे, कारण शेजारच्या कंटेनरचाही ४२ असतो. उत्तरच आलं नाही तर आकडा थ्रेडचा असेल. मग हाच शोध /प्रॉक/[०-९]*/टास्क/[०-९]*/स्टेटस वर करा. त्या नेमस्पेसमधल्या सगळ्या प्रोसेसची यादी एकदम हवी असेल तर 'सुडो पीग्रेप --एनएस १८७५० --एनएसलिस्ट पिड -ए' पुरेसं आहे.

मॅक किंवा विंडोजवर डॉकर डेस्कटॉप वापरत असाल तर तुमच्या संगणकाच्या प्रोसेस-यादीत हे काहीच सापडणार नाही. कंटेनर तिथे एका लपलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतात.

कुठलं साधन कोणत्या नेमस्पेसचा आकडा दाखवतं, हे लक्षात ठेवा:

- डीमेसेजमधल्या कर्नलच्या ओळी, मेमरी संपल्यावर मारलेल्या प्रोसेसच्या ओळीसुद्धा: मूळ नेमस्पेसचा आकडा.
- 'डॉकर टॉप': होस्टचा. 'डॉकर एक्झेक' करून चालवलेला पीएस: आतला.
- ई-बीपीएफचा (कर्नलमध्ये छोटे निरीक्षक प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीचा) नेहमीचा, चालू प्रोसेसचा क्रमांक देणारा हेल्पर: मुळातला. विशिष्ट नेमस्पेसमधला क्रमांक देणारा वेगळा हेल्पर कर्नल ५.७ मध्ये आला.
- होस्टवरून लावलेला एसट्रेस (प्रोसेसच्या सिस्टम कॉल दाखवणारं साधन): सिस्टम कॉलने परत केलेला आकडा, म्हणजे आतला. '--पिडएनएस-ट्रान्सलेशन' हा पर्याय दिला तर तो होस्टचा आकडाही सांगतो.

प्रोसेस मेली की तिची /प्रॉकमधली नोंद जाते आणि आकड्यांची जोडी नंतर लावता येत नाही. म्हणून तुमचा अनुप्रयोग लॉग लिहितो तेव्हा क्रमांकाबरोबर कंटेनरची ओळख आणि वेळ यायलाच हवी. रात्रपाळीला फोन येईल तेव्हा हा एक रकाना तुमचा अर्धा तास वाचवेल.

पीआयडी फाइलचा सापळाही इथलाच. दोन कंटेनर एकच व्हॉल्यूम वापरतात आणि दोघेही तिथे 'माझा क्रमांक १' असं लिहितात. दुसरा सुरू होताना फाइल वाचतो, १ जिवंत आहे का बघतो, स्वतःलाच बघतो आणि 'मी आधीच चालू आहे' म्हणून थांबतो. पीआयडी फाइल व्हॉल्यूमवर ठेवूच नका. कुलूप हवं असेल तर फाइल-लॉक वापरा.

७. कर्नलच्या आत

वाचायच्या फाइल तीन: 'इन्क्लूड/लिनक्स/पिड.एच', 'कर्नल/पिड.सी' आणि 'कर्नल/पिड_नेमस्पेस.सी'. मोबाइलवर उतरवून ठेवल्या तर कल्याण ते सीएसएमटी अशा तासाभराच्या प्रवासात पहिली फाइल आणि दुसरीचा मोठा भाग वाचून होतो.

कर्नलमध्ये प्रोसेसची ओळख म्हणजे आकडा नाही. ओळख म्हणजे 'स्ट्रक्ट पिड' ही वस्तू. तिच्यात पातळी असते, संदर्भांची मोजणी असते आणि शेवटी 'नंबर्स' नावाचा अ‍ॅरे. अ‍ॅरेतल्या प्रत्येक घरात दोनच गोष्टी: आकडा आणि तो कोणत्या नेमस्पेसचा. पातळी २ असेल तर तीन घरं. अ‍ॅरेची लांबी पातळीवर अवलंबून असल्याने कर्नल प्रत्येक पातळीसाठी वेगळा स्लॅब कॅश ठेवतो.

क्रमांक देण्याचं काम 'अ‍ॅलॉक_पिड' करतं. ते सर्वांत आतल्या नेमस्पेसपासून सुरू होतं आणि पालकाकडे चढत मुळापर्यंत जातं, प्रत्येक थरात एकेक आकडा घेतं. मध्येच कुठे आकडा मिळाला नाही तर आधी घेतलेले सगळे परत करतं. आकड्यांचा हिशेब ४.१५ पासून आयडीआर या रचनेत ठेवला जातो, त्याआधी बिटमॅप होता. आकडे चढत्या क्रमाने दिले जातात आणि कमाल मर्यादा गाठली की पुन्हा ३०० पासून सुरुवात होते. सुरुवातीचे आकडे दुसऱ्या फेरीत वापरले जात नाहीत.

आकडा वाचण्याचे तीन मार्ग आहेत आणि चूक इथेच होते:

- 'टास्क_पिड_एनआर': मूळ नेमस्पेसमधला आकडा. कर्नल लॉगसाठी हाच.
- 'टास्क_पिड_व्हीएनआर': सध्या जी प्रोसेस कर्नलमध्ये काम करते आहे तिच्या नेमस्पेसमधून दिसणारा आकडा. तिलाच उत्तर परत द्यायचं असेल तेव्हा.
- 'टास्क_पिड_एनआर_एनएस': तुम्ही सांगाल त्या नेमस्पेसमधला. त्या नेमस्पेसमधून प्रोसेस दिसत नसेल तर ०.

टास्कच्या स्ट्रक्टमधलं 'पिड' हे फील्ड थेट वाचणं ही ड्रायव्हरमधली सर्रास आढळणारी चूक. त्यात मुळातला आकडा असतो. होस्टवर चाचणी घेतली तर सगळं बरोबर दिसतं, कंटेनरमध्ये चालवल्यावर वापरकर्त्याला भलताच आकडा जातो. म्हणून कुठल्याही मॉड्यूलची चाचणी एकदा तरी दोन थर आतून घ्या.

आकडा साठवून ठेवू नका, 'स्ट्रक्ट पिड' चा संदर्भ साठवा. 'गेट_पिड' ने घ्या, काम झालं की 'पुट_पिड' ने सोडा. समजा, डिव्हाइस उघडणारी प्रोसेस एका कंटेनरमधली आहे आणि नंतर स्थिती विचारणारी होस्टवरची. उघडताना आकडा साठवला असेल तर तो विचारणाऱ्याच्या दृष्टीने निरर्थक असतो. वस्तू साठवली असेल तर विचारण्याच्या क्षणी, विचारणाऱ्याच्या नेमस्पेसमध्ये 'पिड_एनआर_एनएस' ने आकडा काढता येतो. सीमा ओलांडतानाच रूपांतर करा, आत सगळीकडे वस्तूच फिरू द्या.

उलट दिशेने, वापरकर्त्याने दिलेल्या आकड्यावरून वस्तू शोधायची तर 'फाइंड_व्हीपिड'. ते आरसीयू वाचन-कुलपाच्या आत करा आणि कुलूप सोडण्यापूर्वी संदर्भ घ्या, नाहीतर वस्तू हातातून निसटू शकते. शोध आणि संदर्भ एकदम हवे असतील तर 'फाइंड_गेट_पिड' आहे.

वापरकर्त्याच्या बाजूलाही हीच शिस्त आता शक्य आहे. आकडा पुन्हा वापरला जातो, त्यामुळे 'बघितला तेव्हा हाच होता' आणि 'किल दिली तेव्हा दुसराच' असं होऊ शकतं. पिडएफडी हा प्रोसेसकडे बोट दाखवणारा फाइल डिस्क्रिप्टर आहे. त्यातून सिग्नल पाठवण्याची सोय ५.१ मध्ये आली, चालू प्रोसेससाठी तो उघडण्याची ५.३ मध्ये. नवा सुपरवायझर किंवा एजंट लिहीत असाल तर सुरुवातीपासून हाच वापरा.

८. मर्यादा

मुळाखाली जास्तीत जास्त ३२ थर बनवता येतात. त्यापुढे 'जागा नाही' अशी त्रुटी येते, डिस्कशी तिचा संबंध नसतो. आकड्यांची कमाल मर्यादा /प्रॉक/सिस/कर्नल/पिड_मॅक्स मध्ये असते: जुना ठरलेला आकडा ३२७६८, ६४-बिट मशीनवर ४१९४३०४ पर्यंत वाढवता येतो. एकूण किती नेमस्पेस बनवू द्यायच्या हे /प्रॉक/सिस/यूझर/मॅक्स_पिड_नेमस्पेसेस ठरवतं. दोन-तीन थरांचा फोर्कच्या वेगावर जाणवेल इतका परिणाम होत नाही, त्याची काळजी करत बसू नका.

९. आवरताना, आणि आवरत नसेल तर

१ मेला की कर्नल आतल्या सगळ्या प्रोसेसना, आतल्या थरांतल्यांसह, सिगकिल देतो. आधी नवे क्रमांक देणं बंद करतो, मग सर्वांना मारतो, मग सगळे खरोखर संपेपर्यंत १ ला थांबवून ठेवतो. कंटेनर 'काढतो आहे' या अवस्थेत तासभर अडकला असेल, तर तो याच थांबण्यात अडकलेला असू शकतो.

दोन कारणं तपासा. एक, आत एखादी प्रोसेस डी अवस्थेत आहे का. म्हणजे बहुतेकदा बंद पडलेल्या एनएफएस सर्व्हरची किंवा डिस्कची वाट बघणारी. तिथे किल उपयोगाची नाही, साठवणूक पूर्ववत करावी लागते. दोन, कुणी बाहेरून एनएसएंटर किंवा एक्झेक करून आत प्रोसेस सुरू केली होती का. तिचा पालक बाहेर असतो. ती मेली तरी बाहेरच्या पालकाने वेट केलं नाही, किंवा तो पालक थांबवून ठेवलेला असला, तर तिचा झोंबी आतला क्रमांक धरून बसतो आणि आतला १ त्याच्यासाठी थांबतो. होस्टवर 'सुडो पीएस -ईओ पिड,पीपिड,स्टॅट,पिडएनएस,कॉम' चालवा, अडकलेल्या नेमस्पेसच्या आयनोडसमोर झेड (झोंबीची खूण) असलेली ओळ शोधा आणि तिच्या पालकाला सिगकॉन्ट (थांबलेल्याला पुढे चालवणारा सिग्नल) द्या. तेवढ्याने भागलं नाही तर त्या पालकाला बंद करा. पालक गेला की झोंबीचा हिशेब मिटतो आणि नेमस्पेस बंद होण्याचा मार्ग मोकळा होतो.

तुमच्या प्रयोगाच्या मशीनवर शेवटी 'सुडो एलएसएनएस -टी पिड' पुन्हा चालवा. प्रयोग सुरू करण्यापूर्वी होत्या तेवढ्याच ओळी दिसायला हव्यात.